कागदाचा मुकुट, पोत्याचा हत्ती

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. घरात माणसं तीनच, आई, वडील आणि मी. पण पंगत रोज मोठी बसायची, कारण आई खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार पाळीप्रमाणे जेवून जायचे आणि स्टोव्हवर चढलेले मोठाले टोप दिवसभर खाली उतरायचे नाहीत.

वडील साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. सवयीने त्यांचा आवाज घरातही खाली यायचा नाही. त्यांनी मला हाक मारली की पहिल्या मजल्यावरची माझी मैत्रीण मस्करीने खालूनच "आले काका!" म्हणून ओ द्यायची. या आवाजामुळेच चाळीच्या गणपतीत होणाऱ्या पौराणिक खेळात दैत्यराजाचं काम दरवर्षी त्यांच्याकडे असायचं. देव कोण होणार यावर भांडणं व्हायची, दैत्याबद्दल कधीच नाही. रंगमंचावर ते हसले की पुढच्या रांगेतली लहान मुलं आयांच्या कुशीत शिरायची, आणि तरी पुढच्या वर्षी जागा पुढच्याच रांगेत धरायची.

संप लांबला तशी खानावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली. आईने टोप घासले, पुसले आणि फळीवर पालथे घातले. वडील सुरुवातीला सभांना जायचे. घरी येऊन कोण काय बोललं ते सांगायचे, हातवारे करून. पुढे पुढे ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. बोलायचे ते इतकं हळू की काय म्हणाले ते पुन्हा विचारावं लागे. आमच्या खोलीत घड्याळ टिकटिक करतं हे मला त्या पावसाळ्यात पहिल्यांदा कळलं.

श्रावणात चाळीची बैठक झाली, खालच्या चौकात. पुरुष सतरंजीवर आणि आम्ही बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. सेक्रेटरी म्हणाले, "बाप्पा आणू. आरती करू. खेळ यंदा राहू दे. ड्रेपरीवाल्याला द्यायला आपल्याकडे काही नाही."

राजांचे झगे, मुकुट, दाढ्यामिशा, तलवारी, चिलखतं, या सगळ्याला मिळून ड्रेपरी म्हणायचं. ती गिरगावात फणसवाडीतल्या एका दुकानातून भाड्याने यायची. दुकानदाराची तरी काय चूक? गिरणगावातल्या अर्ध्या चाळी त्याच्याकडे उधारीवर मागायला लागल्या होत्या.

सगळ्यांनी दैत्यराजाकडे पाहिलं. वडील सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "राहू दे."

ते "राहू दे" आईला लागलं. मी तिच्या शेजारी बसले होते, तिने श्वास आत घेतलेला मला जाणवला. मग ती उभी राहिली.

"खेळ करा," ती म्हणाली. "ड्रेपरी मी देतलंय."

चौकात कुणी हसलंही नाही. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "वहिनी, कुठून?"

"ता माझ्यार सोडा."

खोलीत आल्यावर वडिलांचा आवाज बऱ्याच दिवसांनी थोडा चढला. "खंयसून देतलंस गो? आमच्या डोक्यार काय खानावळीचे टोप घालतलंस?"

नाटकातल्या मुकुटालाही टोपच म्हणतात. वडील चिडून बोलले होते, पण आईने मान वळवून फळीकडे पाहिलं. पालथे घातलेले टोप, मोठ्यापासून लहानापर्यंत.

"घालतलंय," ती म्हणाली.

आईचे वडील मालवणाकडे एका दशावतारी मंडळीत काम करायचे. पावसाळ्यात खेळ बंद असले की ते घराच्या पडवीत बसून मुकुट दुरुस्त करत. मुलींनी मुकुटाला हात लावायचा नाही, असा घरात नियम. आई उंबऱ्यात बसून बघायची. कागद कसा चढवतात, कळस कसा बसवतात, कडेची वेलबुट्टी कशी उचलून येते, सगळं तिने दुरून पाहिलेलं होतं. हात मात्र कधी चालवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कामाला लागलो. कागदाला चाळीत तोटा नव्हता. संपाची बातमी काय आली म्हणून प्रत्येक घर पेपर घेत होतं, नाहीतर शेजारचा मागून वाचत होतं. रद्दी आम्ही बादल्यांतून भिजत घातली, पाट्यावर वाटली, लगदा केला. मधला टोप पालथा घालून त्याच्यावर फाटकं लुगडं पसरलं आणि वर लगदा थापला. खळ म्हणून गव्हाच्या पिठाची चिकट पेज केली, तीसुद्धा हात राखून, कारण पीठ खायलाच पुरत नव्हतं. चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी आईने मुकुट अलगद उचलला, तर त्याच्यावर हिरवी बुरशी धरलेली आणि तो तिच्या हातातच पसरून भाकरीसारखा सपाट झाला.

मी रडकुंडीला आले. आई तो ओला लगदा हातात धरून तशीच बसली. मग खाटेवरून, भिंतीकडच्या बाजूने, आवाज आला.

"पीठ कित्याक वापरतंस? चिंचोक्याची खळ कर. मिलीत सुताक तीच देतत. बुरशी येवची नाय."

त्यांनी तोंड वळवलं नाही. आई माझ्याकडे बघून हसली आणि बोट ओठांवर ठेवलं. पुढे एक शब्द बोललो असतो तर ते पुन्हा गप्प झाले असते.

चिंचोके चाळीतल्या प्रत्येक घरात होते. मुली त्यांच्यावर सारीपाट खेळायच्या. ते भाजले, साल काढलं, कुटले, शिजवले. खळ अशी चिकट झाली की माझी बोटं एकमेकांना चिकटून बसली. राहिला प्रश्न वाळवण्याचा. तो कोपऱ्यावरच्या बेकरीने सोडवला. दुपारचे पाव निघाले की भट्टी थंड होत पडून असायची. मी विचारायला गेले, तेव्हा बेकरीवाल्या चाचांनी माझ्या हातातला ओला गोळा बघून विचारलं, "ये क्या है, बेटी? केक?"

"मुकुट आहे, चाचा."

"किसका?"

"दैत्यराजाचा."

"फिर तो रखना पडेगा," ते म्हणाले आणि लांब दांड्याच्या फळीवरून त्यांनी तो स्वतः आत सरकवला. संध्याकाळी परत दिला तेव्हा मुकुट वाजवला तर टणटण वाजत होता. सालपटासारखा हलका आणि लाकडासारखा घट्ट. आतून अस्तर म्हणून चिकटवलेल्या पेपरच्या अख्ख्या तावाची अक्षरं अजून वाचता येत होती. संपाच्या वाटाघाटी फिसकटल्याची बातमी दैत्यराजाच्या बरोबर टाळूवर आली होती.

मग चाळ जागी झाली. बायका घरातलं शोधून शोधून आणू लागल्या. विटलेल्या शालूचे काठ, फाटके पडदे, मोडक्या छत्र्या, चहाच्या किटलीचं बिनकामाचं झाकण. कासाराने फुटक्या बांगड्यांचं पोतंच दिलं. एका आजींनी नारळाची सोडणं पिंजून अशी दाढी केली की ती लावून पाहणारा प्रत्येक जण आपसूक आशीर्वाद द्यायला लागला. घरोघरी पोरांच्या खेळण्यात पडलेल्या, गिरणीने टाकून दिलेल्या लाकडी कांड्या तलवारींच्या मुठी झाल्या.

चिलखताचं मात्र काही जमेना. पत्र्याचं केलं तर माणसाला वाकता येईना. त्याच सुमारास माहीमच्या कोळीवाड्यातून आमच्या चाळीत मासे विकायला येणारी मावशी जिन्यात पाटी उतरवून बसली होती. घेणारं कुणी फारसं नव्हतं, पण ती येणं चुकवायची नाही. पाटी झाकायला तिने जाळ्याचा फाटका तुकडा घेतला होता. आई त्याच्याकडे टक लावून बघायला लागली.

"काय गो बाय, मावरं सोडून जालं मागतेस?" मावशी हसली.

"असला आणखी आसा?"

"फाटक्या जाल्याला काय तोटा! दर्यावर चल, डोंगर दावते."

दुसऱ्या दिवशी माशांच्या पाटीबरोबर जाळ्याचं गाठोडं आलं. आम्ही ते सोड्याच्या पाण्यात तीनतीनदा धुतलं, तरी वास पुरता गेला नाही. दुहेरी करून काळं रंगवलं, वरून चंदेरी हात फिरवला. अंगावर चढवलं तर दहा पावलांवरून लोखंडी कड्यांचं चिलखत. मावशीने ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता आमच्या जाल्यात राजे गावले!"

एवढं होऊनही मुकुट करड्या रंगाचाच होता. चकाकी कुठून आणायची? सिगारेटच्या पाकिटांतली चांदी पानवाल्याने जमवून दिली होती, पण ती एका कळसाला पुरली. वडील त्या दिवसांत शिवडीच्या गोदामांत माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळेल तेव्हा करत होते. सकाळी निघायचे, अंधार पडायच्या आत यायचे, आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. एका संध्याकाळी ते आले ते काखेत मोठी गुंडाळी घेऊन. ती त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवली आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.

आईने गुंडाळी सोडली. खोलीभर चहाचा वास पसरला. चहाच्या पेट्यांना आतून चंदेरी अस्तर असतं. मोडक्या पेट्यांचं ते अस्तर वडिलांनी न फाडता, नखाने सोडवून, गोदामवाल्याला विचारून आणलं होतं. सबंध ताव, एकाही सुरकुतीशिवाय. मोरीतून त्यांनी विचारलं, "पुरतला मां?"

"पुरान उरतला," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून तिने स्टोव्ह पेटवला.

चांदी झाली, पण राजाला सोनं हवं. आईने हळद लावून पाहिली, ती पापडासारखी सुटून आली. ती युक्ती मला सापडली, आणि अजूनही मला तिचा अभिमान आहे. गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलातला पिवळा जिलेटीन पेपर माळ्यावर पडला होता. तो मी चंदेरी अस्तरावर धरला. खालून चांदी, वरून पिवळा पारदर्शक कागद. खिडकीतून ऊन आलं आणि माझ्या हातात सोनं लखलखलं. मी किंचाळले. आई धावत आली, तिला वाटलं हात भाजला.

मुकुट पुरा झाला त्या दिवशी आम्ही तो खाटेजवळ स्टुलावर ठेवला आणि दोघी भांडी घासायला बसलो, मुद्दाम पाठ करून. मग खाट करकरली. पावलं वाजली. मी कपाटाच्या आरशातून चोरून पाहिलं. वडिलांनी मुकुट उचलला, तळहातावर तोलला, आत डोकावून बातमी वाचली, आणि डोक्यावर चढवला.

"हलको आसा," ते स्वतःशीच म्हणाले. मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, मुकुट हलला नाही. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि दैत्यराजाची पहिली आरोळी ठोकली.

फळीवरचे टोप थरथरले. गॅलरीतून पळापळ झाली. आणि खालच्या मजल्यावरून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला, "आले काका!"

आई भांडी टाकून हसत सुटली. वडीलही हसले, दैत्यासारखे, गडगडून.

खेळ रविवारी संध्याकाळी होता. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या चाळींतली माणसं आली होती, बेकरीवाले चाचा आले होते, मासेवाल्या मावशीने माहीमहून नातवंडं आणली होती. पडदा वर गेला आणि देवांचा दरबार दिसला तेव्हा गर्दीतून एक लांब "अरे!" उठला. हे झगे म्हणजे आपल्याच घरातले पडदे, हा शालू म्हणजे माझ्याच लग्नातला, हे ओळखून बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. पण पाचेक मिनिटांत तेही विसरल्या. दिव्याच्या उजेडात फुटक्या बांगड्यांचे माणिक-पाचू झाले होते. वडील आले तेव्हा टाळ्या थांबेपर्यंत त्यांना पहिलं वाक्य घेता येईना. युद्धात त्यांनी तीन उड्या मारल्या. भाड्याच्या जड मुकुटाला एक हात लावून लढावं लागायचं. यंदा दोन्ही हात मोकळे होते, दोन्ही हातांत तलवारी. मरताना त्यांनी इतका वेळ लावला की देवांच्या राजाला हळूच "काका, आता पडा" म्हणावं लागलं.

खेळ संपल्यावर एक पांढऱ्या टोपीचा, धोतर नेसलेला गृहस्थ पडद्यामागे आला. फणसवाडीचा ड्रेपरीवाला. आपल्याशिवाय ही चाळ कशी नटते ते बघायला तो मुद्दाम आला होता. त्याने मुकुट मागून घेतला, उलटासुलटा केला, टिचकी मारली.

"कुणी केला?"

वडील अजून काळ्या रंगात होते, मिशी अर्धी सुटलेली. त्यांनी आईला हाक मारली नाही. ते जिन्यापाशी गेले, बायकांतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले आणि तिला बरोबर घेऊन आले. "हिणां," ते म्हणाले.

"बाई, माझे मुकुट प्लास्टरचे," ड्रेपरीवाला म्हणाला. "नटांची डोकी दुखतात, दर हंगामाला निम्मे फुटतात. माझ्या दुकानासाठी असे कराल?"

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "करीन," ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या बोलीतलं "करतलंय" नाही. शहरी, स्पष्ट "करीन".

संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही. तो विरत गेला. वडिलांची गिरणी पुन्हा नीट उघडली नाही, आणि जी पाळी सुरू झाली तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. चाळीतली कितीतरी घरं उठून गेली. पण आमच्या खोलीत खळ शिजत राहिली. आधी ड्रेपरीवाल्याचे मुकुट, मग दादरच्या आणि गिरगावच्या शाळांची स्नेहसंमेलनं. फुलपाखरांचे पंख, मोराचे पिसारे, मावळ्यांच्या ढाली. गॅलरीतल्या बायका एकेक करून येऊन बसायला लागल्या. एकीचा हात दाढ्यांवर बसला, एकीचा दागिन्यांवर. काहीही टाकायचं नाही, असा चाळीचा नियमच झाला. भंगारवाला आमच्या जिन्यात आला की बायका त्याला विकायच्या नाहीत, उलट त्याच्याच पाटीतलं उचलायच्या. वडील शिवडीची फेरी करून पोती, पेट्या, काथ्या आणायचे, आणि सुतारकी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. मी बी.ए. झाले, दोन ठिकाणी नोकरीसाठी भेटून आले, आणि दोन्ही ठिकाणी मुलाखत देताना मनात पिसाऱ्याचे डोळे कसे करायचे याचाच विचार करत होते. नोकरी मी घेतली नाही. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मगे बस. कातर घे."

हत्तीचं काम त्यानंतर काही वर्षांनी आलं. दादरची एक नाटकमंडळी मुलांचं मोठं नाटक बसवत होती. त्यांना रंगमंचावर चालणारा हत्ती हवा होता. कान हलवणारा, सोंड उचलणारा, आत दोन माणसं मावतील असा. दोनतीन जणांनी हात वर केले होते. ड्रेपरीवाल्याने आमचं नाव सुचवलं. दिग्दर्शक, तिशीचा दाढीवाला तरुण, आमच्या खोलीत आला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हत्ती या खोलीत मावणार कसा?"

"गॅलरीत करू," आई म्हणाली.

आणि गॅलरीतच केला. फळवाल्यांच्या मोडक्या करंड्यांच्या कामट्या बांधून सांगाडा, त्यावर शिवडीचं गोणपाट, वर कागद आणि चिंचोक्याची खळ. कानांना जुन्या छत्र्या, काड्यांसकट, म्हणजे उघडझाप करता येईल. डोळे टॅक्सीच्या फुटक्या दिव्यांच्या काचांचे. सोंड कुणालाच जमेना. कापडात कापूस भरला तर नुसती लोंबायची. वडिलांनी दोन दिवस बसून डब्यांचे गोल कापले, तुपाच्या मोठ्या डब्यापासून पावडरच्या डब्यापर्यंत, आणि ते ओळीने दोऱ्यांवर ओवले. एक दोरी ओढली की सोंड वर, दुसरी ओढली की आत वळायची, तिसरीने डुलायची. मागावर सुताच्या दोऱ्या वरखाली करण्यात त्यांचा जन्म गेला होता. सोंड पहिल्यांदा उचलली गेली तेव्हा गॅलरीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वडिलांनी सोंडेनेच सलाम केला.

महिनाभर चाळीतली माणसं हत्तीच्या पोटाखालून वाकून संडासाला गेली. कुणी कुरकुर केली नाही.

न्यायचा दिवस आला तेव्हा कळलं की तो जिन्यातून उतरत नाही. कुणी म्हणालं कापा, तिकडे जाऊन जोडा. वडिलांनी नुसतं पाहिलं आणि तो माणूस दोर आणायला गेला. मग गॅलरीचा कठडा तात्पुरता काढला, दोर बांधले, आणि चाळीतल्या पुरुषांनी, बंद गिरण्यांमधल्या साच्यावाल्यांनी, जॉबर-मुकादमांनी, हमालांनी, वरून धरून भर दुपारी हत्ती खाली सोडला. वडील चौकात उभे राहून ओरडत होते, "हळू! डावीकडे ढील द्या! शेपटी सांभाळा रे!" तो आवाज परळपर्यंत गेला असेल. हत्ती तरंगत, जरा डुलत, खाली हातगाडीवर टेकला, आणि चौकात कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं. "मोरया" सगळ्या मजल्यांवरून आलं.

हातगाडी लालबागहून परळमार्गे दादरला निघाली. पुढे वडील, बाजूने आई आणि मी, मागे पोरांची मिरवणूक. सिग्नलला पोलिसाने आमच्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि आडवी वाहतूक थांबवून आम्हाला वाट दिली. बसच्या खिडक्यांतून माणसं अर्धी बाहेर आली. परळच्या नाक्यावर एका केळेवाल्याने हत्तीसमोर फणी धरली, आणि वडिलांनी दोरी ओढून ती सोंडेने खरोखर उचलली. रस्त्यावर जो कल्ला झाला! आई पदर खोचून चालत होती, मान सरळ, जणू रोज हत्ती घेऊनच बाजारात जाते.

थिएटरात पोचल्यावर नवीच अडचण निघाली. पुढच्या पायांत शिरायचा मुलगा दोऱ्यांत असा गुंतला की सोंड उचलायला गेला की कान मिटायचे आणि चालायला गेला की सोंड गळ्याभोवती. दिग्दर्शक घामाघूम. पहिला प्रयोग दोन दिवसांवर. शेवटी त्याने वडिलांकडे वळून हात जोडले.

"काका, तुम्हीच शिरा ना आत."

"मी?" वडील म्हणाले. "माझा वय काय आता?"

आई म्हणाली, "दैत्य होताना वय विचारलं होतंस काय?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्यांना लोकांसमोर अरेतुरे केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वडील मुकाट्याने आत शिरले.

पहिल्या प्रयोगाला पुढून तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो, आई, मी, बेकरीवाले चाचा आणि ड्रेपरीवाला. थिएटर मुलांनी खच्चून भरलेलं. दुसऱ्या अंकात विंगेतून आधी नुसती सोंड बाहेर आली, इकडे वळली, तिकडे वळली, हवा हुंगली. मग छत्र्यांचे कान फाडकन उघडले आणि हत्ती डुलत रंगमंचावर आला. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. माझ्या पुढच्या मुलीने आपल्या वडिलांना विचारलं, "खरा आहे ना? खरा आहे ना हो बाबा?" हत्तीने राजकन्येला फूल दिलं, विदूषकाची टोपी उडवली, आणि जाताना संहितेत नसलेली गोष्ट केली. रंगमंचाच्या अगदी कडेला आला, तिसऱ्या रांगेकडे तोंड करून गुडघे टेकले आणि सोंड उंच उचलली. टाळ्या अशा पडल्या की पुढचं वाक्य घेणाऱ्या नटाने चार वेळा तोंड उघडून मिटलं.

"ह्यो माणूस काय सुधारूचो नाय," आई म्हणाली. पण टाळ्या ती सगळ्यांपेक्षा जोराने वाजवत होती, हात डोक्यावर नेऊन.

प्रयोगानंतर मेकअपरूममध्ये वडील बनियनवर बसले होते, अंगाला गोणपाटाचे धागे चिकटलेले, आणि तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. दिग्दर्शक आत आला. त्याच्यामागे दुसऱ्या एका मंडळीचे गृहस्थ होते, प्रयोग बघायला आलेले. त्यांनी आईला नमस्कार केला.

"काकू, आम्हाला घोडा लागेल. जमेल?"

"धावणारो की उभो?" आईने विचारलं.

"धावणारा."

वडिलांनी तांब्या खाली ठेवला. "घोड्यात मी शिरूचंय नाय. आधीच सांगतंय. माझी कंबर गेली."

"तुमका कोण सांगता शिराक?" आई म्हणाली आणि त्या गृहस्थांकडे वळून घोड्याची उंची विचारू लागली. मी पर्समधून पेन्सिल काढली. वडील थोडा वेळ ऐकत राहिले. मग उठले, आमच्या मधे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मान हलवूची तर दोरी मागसून घेऊक व्हयी. पुढसून घेतलास तर घोडो नंदीबैलासारखो मान डोलवीत. थांबा, दाखवतंय."